पेकिंगच्या गल्ल्या : वास्तू आणि वस्ती

सन २०२४ च्या जुलै महिन्यात नवी दिल्ली येथे जागतिक वारसा समितीचे ४६ वे अधिवेशन भरले होते. त्या अधिवेशनात आसामातील आहोम राजांच्या समाधींना जागतिक वारशाचा मान मिळाला व आपल्या वृत्तपत्रांनी त्या वार्तेचे योग्य ते स्वागत केले. त्याच अधिवेशनात, २७ जुलै रोजी, बीजिंग नगराच्या ‘मध्यरेषे’चाही त्या यादीत समावेश झाला. उत्तरेस नगारखाना व घंटाघर, दक्षिणेस योंगदिंगमेन हा दरवाजा आणि मध्ये राजवाडा, अशी ही सुमारे ७.८ किलोमीटर लांबीची सरळ रेषा आहे. आमच्या पिढीने ज्याला पेकिंग म्हणून भूगोलात वाचले, त्या नगराचा हा जणू कणाच होय.

परंतु नुसत्या कण्याने देह होत नाही. या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंस जे नगर वसले, ते राजवाड्यांचे नव्हे, तर गल्ल्यांचे. या गल्ल्यांना तेथे ‘हुतोंग’ म्हणतात. राजवाडा पाहावयास जगभरचे प्रवासी जातात आणि त्याच्या रक्षणाविषयी आज कोणाच्याही मनात संदेह नाही. हुतोंगांची गोष्ट वेगळी. त्या राखाव्यात की पाडाव्यात, राखावयाच्या तर कोणासाठी, आणि गल्ली राहिली पण गल्लीतली माणसे गेली तर राखले तरी काय, या प्रश्नांवर त्या नगरात गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षे वाद चालू आहे. त्या वादाचा इतिहास आम्ही येथे थोडक्यात सांगणार आहोत. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या टेबलावरून नगररचनेच्या, भूसंपादनाच्या व पुनर्वसनाच्या फायली जात असतात. त्यांना ही हकीकत परक्या देशाची असली तरी परकी वाटू नये.

या नगराचा आराखडा मंगोल सम्राट कुब्लाई खानाच्या काळातला. सन १२६७ मध्ये त्याने जुन्या नगराच्या ईशान्येस नव्या राजधानीचे काम सुरू केले. तिचे नाव ‘दादू’, म्हणजे महानगर. आखणी लिउ बिंगझोंग नावाच्या विद्वान मंत्र्याची. रस्ते काटकोनात छेदणारे आणि त्यांची रुंदीसुद्धा ठरवून दिलेली. मोठा रस्ता २४ पावलांचा, लहान १२ पावलांचा आणि हुतोंग ६ पावलांची. हे पाऊल म्हणजे त्या काळचे ठरावीक माप. त्या हिशेबाने हुतोंगची रुंदी आजच्या मापाने नऊ मीटरांच्या आसपास भरते. ‘हुतोंग’ हा शब्दही विहिरीच्या अर्थी असलेल्या मंगोल शब्दावरून आला असावा, असे अनेक अभ्यासकांचे मत आहे. जेथे पाणी तेथे वस्ती, हा न्याय सर्वत्र सारखाच.

सन १२८५ मध्ये एक फर्मान निघाले. जुन्या नगरातून नव्या नगरात राहावयास येणाऱ्यांत धनिकांना व अधिकारपदावरील माणसांना प्रथम जागा द्यावी आणि प्रत्येक घरासाठी ८ ‘मू’ एवढीच जमीन असावी. आपल्या मापाने ही जागा सव्वा एकराहून थोडी अधिक. अर्थात हे नगर आपोआप वाढत गेलेल्या खेड्याचे शहर नव्हे. सरकारी हुकमाने मोजून, आखून आणि प्राधान्याने अधिकाऱ्यांना वाटून दिलेले हे नगर आहे. पुढे सातशे वर्षांनी त्याच्या गल्ल्यांचे भवितव्य पुन्हा सरकारी कागदावरच ठरावयाचे होते, हा योगायोग मनात ठेवण्याजोगा आहे.

मंगोल गेले, मिंग घराणे आले. योंगल सम्राटाने सन १४०६ ते १४२० या काळात राजवाडा उभारला व १४२१ मध्ये राजधानी येथे आणली. सन १५५३ मध्ये दक्षिणेकडील वाढलेल्या वस्तीभोवती दुसरा कोट घातला गेला. पुढे १६४४ मध्ये मांचू घराणे गादीवर आले आणि १६४८ मध्ये त्यांनी आतल्या नगरातील हान, म्हणजे मूळ चिनी, लोकांना बाहेरच्या नगरात जाण्याचा हुकूम केला. आतले नगर मांचूंच्या लष्करी पथकांना राहावयास दिले. अशा रीतीने एकाच तटबंदीत दोन नगरे झाली. या विभागणीचा एक अनपेक्षित परिणाम झाला. त्याचा विचार पुढे करू.

हुतोंगच्या दोन्ही बाजूंस जी घरे उभी राहिली, त्यांना ‘सिहेयुआन’ म्हणतात. अर्थ असा की, चारी बाजूंनी मिटलेले अंगण. आपल्या चौकाच्या वाड्याचे चित्र डोळ्यांपुढे आणले तर या घराची कल्पना येण्यास वेळ लागणार नाही. मात्र आपले वाडे बहुधा दुमजली-तिमजली असत, हे घर एकमजली असे. रस्त्याकडे करड्या विटांची आंधळी भिंत आणि एकच दरवाजा. दरवाजा पूर्वपश्चिम जाणाऱ्या गल्लीच्या उत्तरेकडील घरात आग्नेय कोपऱ्यात असे. आत शिरताच समोर एक आडोशाची भिंत, म्हणजे रस्त्यावरील माणसाची नजर थेट घरात जाऊ नये. मग अंगण. उत्तरेच्या बाजूची दक्षिणाभिमुख दालने वडीलधाऱ्यांची, कारण हिवाळ्यातील ऊन तेथे सर्वांत अधिक येते. पूर्व व पश्चिमेची मुलांच्या संसारांची आणि रस्त्यालगतची पाहुण्यांची किंवा नोकरांची. अंगणात डाळिंब, बोर किंवा रानसफरचंद यांपैकी एखादे झाड. दरवाजाचा प्रकार, त्याची खोली, त्यापुढील कोरीव दगड ही सारी घरमालकाच्या दर्जानुसार ठरत. अमक्या पायरीच्या अधिकाऱ्यास अमका दरवाजा, असा दंडकच होता. गल्लीतून नुसते चालत गेले तरी कोणत्या घरात कोणत्या हुद्द्याचा मनुष्य राहतो हे कळत असे.

या घराची खरी खुबी त्याच्या अंगणात आहे. अंगण हे घराचे घर. कुटुंबाची शिस्त, मानमरातब, वडिलांचा धाक, सुनांची लगबग, नातवंडांचा गोंगाट या सर्वांना त्या चौकोनाने आकार दिला होता. लाओ श हा विख्यात चिनी कादंबरीकार सन १८९९ मध्ये अशाच एका चिंचोळ्या गल्लीत, एका गरीब मांचू शिपायाच्या घरी जन्मला. एका छपराखाली राहणाऱ्या चार पिढ्यांवरील आपली मोठी कादंबरी त्याने त्याच गल्लीत घडविली. जपानी अंमलाखालील पेकिंगची ती कथा आहे. तीत राजवाडा नाही, आहे ती फक्त एक गल्ली आणि तिच्यातील शेजारी. नगराचे काळीज कोठे असते, हे त्या लेखकास ठाऊक होते.

आता १६४८ च्या त्या हुकमाकडे वळू. आतल्या नगरात जागा नसल्यामुळे हान अधिकारी बाहेरच्या नगरात, विशेषतः श्वेनवूमेन दरवाजाच्या दक्षिणेस, राहू लागले. हे अधिकारी निरनिराळ्या प्रांतांतून राजधानीत आलेले. भाषा निराळी, जेवण निराळे, दैवते निराळी. त्यांच्याच जोडीला दर तीन वर्षांनी भरणाऱ्या राजधानीतील परीक्षेसाठी देशभरातून हजारो उमेदवार येत. या सर्वांच्या सोयीसाठी प्रांतवार वा जिल्हावार निवास उभे राहिले. त्यांना ‘ह्वेइग्वान’ म्हणतात. मिंग काळात त्यांचा आरंभ झाला होता. मांचू राजवटीत त्यांना बहर आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांची संख्या चारशेच्या घरात गेली.

ह्वेइग्वान म्हणजे काय, हे आमच्या वाचकांना फार समजावून सांगावे लागणार नाही. परमुलखात नोकरी करणाऱ्या माणसांनी वर्गणी काढून घेतलेली जागा, तेथे आपल्या बोलीत बोलावे, आपल्या चवीचे जेवावे, आपल्याकडील थोर पुरुषांच्या तसबिरींपुढे वर्षातून एकदा जमावे, ऐपत असेल तेथे नाटक करावे, गावाकडून आलेल्या होतकरू मुलास चार दिवस उतरावयास द्यावे. ज्यांनी दिल्ली, कलकत्ता, नागपूरपलीकडचे रायपूर किंवा हैदराबाद येथे मराठी मंडळांचे सभासदत्व भोगले आहे, त्यांना ही सारी चिन्हे ओळखीची वाटतील. एका बाबतीत मात्र ह्वेइग्वान आपल्या मंडळांच्या पुढे गेले होते. परमुलखात वारलेल्या आपल्या माणसासाठी त्यांनी दफनभूमी राखून ठेवल्या होत्या आणि शव गावी पाठविण्याची सोय होईतो शवपेटी सांभाळण्याचे कामही ते करीत. मेल्यावरही मनुष्य परका राहू नये, एवढी ही काळजी.

अशा निवासांत इतिहासही घडला. सुधारणावादी खांग योवेइ हा आपल्या नानहाय जिल्ह्याच्या ह्वेइग्वानात राही. थान सिथोंग या तरुण सुधारकास सन १८९८ च्या सप्टेंबरात लियुयांग ह्वेइग्वानात पकडले आणि तेथून जवळच असलेल्या त्साइशिखोऊच्या चौकात त्याचा शिरच्छेद झाला. हूग्वांग ह्वेइग्वानाच्या नाट्यगृहात २५ ऑगस्ट १९१२ रोजी सुन यत्-सेन यांच्या उपस्थितीत क्वोमिंतांग पक्षाची स्थापना झाली. आणि आमच्या वाचकांना सर्वांत जवळचा वाटेल असा प्रसंग लू शुनचा. १९१२ मध्ये शिक्षण खात्यातील नोकरीनिमित्त तो पेकिंगला आला, आणि १९१९ पर्यंत शाओशिंग ह्वेइग्वानात राहिला. दिवसा कचेरी, रात्री जुन्या शिलालेखांच्या नकला. आधुनिक चिनी साहित्याचा आरंभ जिच्यापासून मानतात, ती ‘वेड्याची रोजनिशी’ ही कथा १९१८ मध्ये त्याच ह्वेइग्वानात लिहिली गेली. घरापासून दूर बदलीवर आलेल्या एका कारकुनी पेशाच्या माणसाने, आपल्या जिल्ह्याच्या लोकांनी बांधलेल्या निवासात, एका भाषेच्या वाङ्मयाची दिशा बदलली!

या व्यवस्थेचा आधार जसजसा सुटत गेला, तसतशी गल्ल्यांची कळाही उतरली. १९०५ मध्ये जुनी परीक्षापद्धती बंद झाली आणि ह्वेइग्वानांचे मुख्य प्रयोजन संपले. १९१२ मध्ये बादशाही गेली व मांचू पथकांचे तनखे थकत बंद पडले. १९२८ मध्ये राजधानीच नानजिंगला हलविण्यात आली. अधिकारी गेले, त्यांच्यामागे पैसाही गेला. मोठमोठी घरे खोली-खोलीने भाड्याने दिली जाऊ लागली. तेव्हा सिहेयुआनांची फाटाफूट १९४९ च्या क्रांतीने केली, ही समजूत पुरती खरी नाही. क्रांतीपूर्वीच अनेक अंगणांत एकाऐवजी चार चुली पेटल्या होत्या.

१९४९ मध्ये नव्या सरकारने पेकिंग पुन्हा राजधानी केली, आणि तेव्हाच पहिला मोठा प्रश्न उभा राहिला. नव्या राज्याची शेकडो कार्यालये कोठे वसवावयाची? लियांग सिचेंग हा त्या काळचा सर्वश्रेष्ठ वास्तुशास्त्रज्ञ. त्याने चेन झान्शियांग या नगररचनाकाराच्या साहाय्याने फेब्रुवारी १९५० मध्ये एक योजना सादर केली. जुन्या नगराच्या पश्चिमेस मोकळ्या जागेत नवे प्रशासकीय केंद्र बांधावे आणि जुने नगर जसेच्या तसे राखावे, असे तिचे सार होते. जवळजवळ ४० किलोमीटर लांबीच्या तटाच्या माथ्यावर फुलझाडे लावून तेथे नागरिकांसाठी बाग करावी, अशीही त्याची कल्पना होती. योजना फेटाळली गेली. नव्या केंद्रास खर्च फार येईल, जुन्या नगरातील उभ्या इमारती आयत्या वापरता येतील, असा हिशेब मांडण्यात आला. सोव्हिएत सल्लागारांचे मतही जुन्या नगरातच केंद्र असावे, असे होते. त्यातून जुन्या राजधानीच्या मध्यभागी बसून राज्य करण्यात जो प्रतीकात्मक विजय आहे, तो नव्या राज्यकर्त्यांना सोडवेना.

एकदा कार्यालये आत आली की रस्ते रुंद करावे लागतात, रस्त्यांसाठी दरवाजे पाडावे लागतात आणि कर्मचाऱ्यांसाठी घरे बांधावी लागतात. एका निर्णयातून दुसरा निर्णय निघतो आणि प्रत्येक जण सुटा पाहिला तर समंजसच दिसतो. योंगदिंगमेन दरवाजा १९५७ मध्ये पाडला गेला. १ जुलै १९६५ रोजी भुयारी रेल्वेचे काम सुरू झाले व तटाचा मोठा भाग तिच्या मार्गात नाहीसा झाला. तटाच्या विटा लोकांनी आपल्या चुली व खोल्या बांधावयास नेल्या. लियांग १९७२ मध्ये वारला. ज्या योंगदिंगमेनमध्ये मध्यरेषेचे दक्षिण टोक मानून दिल्लीत २०२४ साली तिचा गौरव झाला, तो २००४ मध्ये नव्याने बांधलेला दरवाजा आहे, हे येथे सांगितले पाहिजे. पाडण्यास जितका काळ पुरतो, त्याच्या कितीतरी पट काळ पुन्हा उभे करण्यास लागतो, आणि उभे केलेले ते पूर्वीचे नसतेच.

गल्ल्यांच्या आत याच वेळी दुसरी एक प्रक्रिया चालू होती. ह्वेइग्वानांच्या इमारती पन्नाशीच्या दशकात नगर प्रशासनाकडे गेल्या व त्यांत बिऱ्हाडे आली. १९५८ पासून भाड्याने दिलेली खासगी घरे सरकारी व्यवस्थेखाली आली. १९६६ नंतरच्या सांस्कृतिक क्रांतीत उरल्यासुरल्या मालकांनाही आपली कागदपत्रे स्वाधीन करावी लागली. भाडे नाममात्र राहिले. नाममात्र भाड्यात डागडुजीचा खर्च निघत नाही, म्हणून घरे गळू लागली. २८ जुलै १९७६ रोजी थांगशान येथे प्रचंड भूकंप झाला. त्याचे हादरे पेकिंगलाही बसले व लोकांनी भीतीने अंगणांत तात्पुरती झोपडी घातली. भीती ओसरली, पण झोपडी राहिली. कोणी तिचे स्वयंपाकघर केले, कोणी लग्न झालेल्या मुलाची खोली. चारी बाजूंनी मिटलेल्या त्या अंगणात अंगणच उरले नाही. अशा घरास लोक ‘दाझायुआन’ म्हणू लागले, म्हणजे सरमिसळीचा मोठा वाडा.

या सरमिसळीच्या जीवनाचे गोडवे गाण्याचा मोह दूरच्या माणसास होतो. त्यात काही तथ्यही आहे. दूरच्या नातलगापेक्षा जवळचा शेजारी बरा, या अर्थाची म्हण चिनी भाषेत आहे आणि या अंगणांत ती नित्य प्रत्ययास येई. शेजाऱ्याचे मूल आपल्या ताटावर जेवे, म्हाताऱ्याची चौकशी न सांगता होई, संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी बुद्धिबळाचा पट मांडला जाई आणि वरून शिट्ट्या बांधलेल्या कबुतरांचा थवा घुमत जाई. पण त्याच अंगणात पाण्याचा नळ एकच असे, घरात शौचालय नसे, आणि उणे दहा अंशांच्या थंडीत म्हातारीला गल्लीच्या टोकाच्या सार्वजनिक शौचालयापर्यंत चालत जावे लागे. कोळशाच्या शेगडीचा धूर सर्वांच्या छातीत जाई. ज्यांना तेथे राहावे लागले नाही त्यांनी त्या जीवनाचे कौतुक करावे आणि जे राहिले त्यांनी सदनिकेची वाट पाहावी, हा विरोध समजून घेतल्याशिवाय या प्रश्नाचा विचार प्रामाणिकपणे होणार नाही.

असा प्रामाणिक विचार करणारा एक मनुष्य निघाला. वू लियांगयोंग हा लियांग सिचेंगचा सहकारी, छिंगह्वा विद्यापीठातील प्राध्यापक. जुन्या नगराच्या उत्तर भागात ज्यूर नावाची एक हुतोंग आहे. तेथील ४१ क्रमांकाच्या जागेत ४४ कुटुंबे, १३८ माणसे राहत होती. सर्वांत मिळून नळ एक. पावसाळ्यात अंगणात पाणी साचे. वू याने १९८७ पासून या जागेचा अभ्यास केला. नगर हे सजीव शरीर आहे, त्यातील जीर्ण पेशी एकेक करून बदलाव्यात, सबंध शरीर कापून टाकू नये, असे त्याचे सूत्र. त्याला तो ‘सेंद्रिय नवीकरण’ म्हणे. त्याप्रमाणे १९८९-९० मध्ये त्या जागी दोन-तीन मजल्यांच्या ४६ सदनिका बांधल्या. प्रत्येक घरात स्वयंपाकघर व शौचालय, मात्र रचना अंगणांभोवती. छपरे करड्या कौलांची, उंची भोवतालच्या गल्लीला न खुपणारी, आणि जुनी झाडे जागच्या जागी राखलेली. रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर आपला वाटा भरावयाचा होता. या कामास १९९२ चे जागतिक निवास पारितोषिक मिळाले व जगभरच्या वास्तुविशारदांनी ज्यूर हुतोंगची वाट धरली.

परंतु एक गोष्ट पारितोषिकांच्या मानपत्रांत ठळकपणे लिहिली जात नाही. पूर्वीच्या कुटुंबांपैकी सुमारे एक तृतीयांशच नव्या घरांत परतली. उरलेल्यांना आपला वाटा भरणे झेपले नाही, किंवा अन्यत्र मिळालेले घर त्यांनी पसंत केले. वास्तूचा प्रश्न वू याने फार सुंदर रीतीने सोडविला होता. वस्तीचा प्रश्न वास्तुविशारदाच्या पेन्सिलीने सुटण्यासारखा नव्हता. तो पैशाचा, मालकीचा व हक्काचा प्रश्न होता. तरीसुद्धा ज्यूर हुतोंगचे महत्त्व कमी होत नाही. पाडापाडी आणि जैसे थे यांच्यामधून तिसरी वाट जाऊ शकते, हे तिने सिद्ध केले.

ही तिसरी वाट मोठ्या प्रमाणावर कोणी चोखाळली नाही. १९९० मध्ये नगर प्रशासनाने जीर्ण घरांच्या नवीकरणाचा व्यापक कार्यक्रम हाती घेतला. हेतू नागरिकांना बरी घरे देण्याचा, पण पैसा जमीन विकसकांना देऊन उभारावयाचा. जमिनीचे मोल जसे वाढले, तसा ‘जीर्ण’ या शब्दाचा अर्थही ऐसपैस झाला. त्याच वर्षी जतनासाठी २५ ऐतिहासिक क्षेत्रांची यादीही झाली, हे विशेष. एका हाताने यादी आणि दुसऱ्या हाताने पाडकाम! या २५ क्षेत्रांचा तपशीलवार आराखडा मंजूर व्हावयास २००२ उजाडले. तोवर पुष्कळ गल्ल्या नकाशावरून पुसल्या गेल्या होत्या. किती, याविषयी निरनिराळ्या मोजण्यांचे आकडे जुळत नाहीत, कारण हुतोंग कशास म्हणावे यावरच एकमत नाही. मात्र १९४९ मध्ये ज्या होत्या त्यांपैकी बहुसंख्य आज नाहीत, यावर कोणाचा मतभेद नाही.

पाडणे निंद्य ठरू लागले तेव्हा ‘जतन’ हाच शब्द पाडण्याच्या कामी येऊ लागला. २००८ च्या ऑलिंपिक सामन्यांपूर्वी राजवाड्याच्या दक्षिणेकडील छ्येनमेनचा जुना बाजाररस्ता नव्याने बांधून काढला. समोरचे देखावे जुन्या छायाचित्रांबरहुकूम, ट्राम गाडीही पुन्हा धावू लागली. परंतु तेथील जुने किरकोळ दुकानदार व मागच्या गल्ल्यांतील असंख्य कुटुंबे हलविली गेली होती. शांघायमध्येही २००१ च्या सुमारास शिनथ्येनदी येथे हेच घडले होते. दगडी चौकटींच्या चाळवजा घरांच्या भिंती राखल्या, आतील बिऱ्हाडे उठविली आणि तेथे उपाहारगृहे आली. आणि २०१२ च्या आरंभी तर एक विदारक घटना घडली. ज्या घरात लियांग सिचेंग आणि त्याची विदुषी पत्नी लिन ह्वेयिन १९३० च्या दशकात राहत होती, तेच घर पाडले गेले. पाडणाऱ्यांनी दिलेले कारण असे की, हे पाडकाम ‘दुरुस्तीच्या स्वरूपाचे’ होते. पुढे त्यांना ५ लक्ष युआन दंड झाला. नगर वाचवा म्हणून आयुष्यभर सांगणाऱ्याचे घरही नगरास वाचविता आले नाही.

या घटनांचा निषेध मोठा झाला आणि त्याचा परिणामही झाला. सप्टेंबर २०१७ मध्ये मंजूर झालेल्या बृहत् आराखड्याने जुन्या नगरात यापुढे पाडापाडी नको, ही भूमिका स्वीकारली. हे जुने नगर सुमारे ६२.५ चौरस किलोमीटरांचे आहे. लियांगच्या योजनेनंतर ६७ वर्षांनी, जवळपास त्याच्याच शब्दांत, सरकार बोलू लागले. परंतु त्याच वर्षी आणखी एक मोहीम निघाली. गल्लीकडच्या आंधळ्या भिंतींना भगदाडे पाडून भाजीवाले, न्हावी, शिंपी, खानावळवाले यांनी दुकाने थाटली होती. ती भगदाडे विटांनी बुजविण्यात आली. कायद्याच्या दृष्टीने ती बांधकामे अनधिकृत होती व वास्तूच्या दृष्टीने भिंत पूर्ववत् झाली. पण ही दुकाने चालविणारे बहुतांश लोक बाहेरच्या प्रांतांतून पोटासाठी आलेले होते आणि म्हाताऱ्या रहिवाशांचा रोजचा व्यवहार त्यांच्यावर चालत असे. जेथे एकेकाळी परप्रांतीयांसाठी चारशे निवास होते, त्या नगरातून परप्रांतीय भाजीवाला भिंत सुंदर दिसावी म्हणून गेला!

अगदी अलीकडचा प्रयोग आशेला जागा देणारा आहे. २०१९ मध्ये त्साइशिखोऊच्या पश्चिमेकडील भागात, म्हणजे जुन्या ह्वेइग्वानांच्याच परिसरात, ‘अर्ज करून खोली सोडण्याची’ पद्धत सुरू झाली. कोणासही सक्तीने उठवावयाचे नाही. ज्याला जावयाचे आहे त्याने अर्ज करावा, भरपाई घ्यावी व जावे. ज्याला राहावयाचे आहे त्याने राहावे आणि रिकाम्या झालेल्या जागेतून त्याला स्वयंपाकघर, शौचालय यांची सोय करून द्यावी. अंगणातील झोपड्या निघून अंगण पुन्हा मोकळे व्हावे, अशी ही कल्पना. अर्थात तीतही धोका आहे. एकेक करून तरुण निघून जातील, म्हातारे राहतील, आणि त्यांच्यामागे त्या खोल्यांत पाहुणचाराची महागडी दालने येतील. सक्तीने रिकामी झालेली गल्ली आणि राजीखुशीने रिकामी झालेली गल्ली यांत न्यायाच्या दृष्टीने महदंतर आहे, पण संध्याकाळी दोन्हीही सारख्याच सुन्या दिसतात.

मग निष्कर्ष काय? कोणी म्हणेल, नगरे बदलतातच, माणसे चांगल्या घरात जाऊ इच्छितात, त्यांना जुन्या छपराखाली डांबून ठेवण्याचा अधिकार इतिहासप्रेमींना कोणी दिला? हा आक्षेप खरा आहे आणि आम्ही तो मान्य करतो. ज्याला जावयाचे आहे त्याला जाता आलेच पाहिजे. पण त्याच न्यायाने ज्याला राहावयाचे आहे त्याला राहताही आले पाहिजे. गेल्या पाऊणशे वर्षांत पेकिंगच्या गल्लीतील मनुष्यास बहुधा दोन्हीपैकी एकही निवड स्वतः करता आली नाही. त्याला कधी क्रांतीच्या नावाने आत कोंबले, कधी विकासाच्या नावाने बाहेर काढले आणि कधी वारशाच्या नावाने. नाव बदलले, पण फाईलवर रहिवाशाचे मत मांडावयाचा रकाना कोराच राहिला.

या इतिहासातून तीन गोष्टी आम्हांस निर्विवाद दिसतात. पहिली, दर्शनी भिंतीच्या आधी नळ व शौचालय. ज्या घरात राहणे सुसह्य आहे, ते घर राहणारा स्वतःच जपतो. दुसरी, मालकी व भाडेकरूचा हक्क स्पष्ट असल्याखेरीज डागडुजी होत नाही. पेकिंगची घरे जितकी काळाने खचली, तितकीच ती कोणाचीच नसल्यामुळे खचली. आणि तिसरी, जतनाच्या कोणत्याही योजनेचा ताळेबंद मांडताना किती वास्तू राखल्या याच्या शेजारी किती बिऱ्हाडे परतली हा आकडा लिहिला पाहिजे. पहिला आकडा मोठा व दुसरा शून्य असेल, तर तेथे जतन झाले ते केवळ विटांचे.

ह्वेइग्वानांची जुनी हकीकत येथे पुन्हा आठवण्याजोगी आहे. हूग्वांग ह्वेइग्वानाचे नाट्यगृह १९९६ मध्ये डागडुजी करून पुन्हा उघडले आणि तेथे संगीत नाटके होऊ लागली. ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्या इमारतीला मुळात जे बळ होते, ते तिच्या कोरीव खांबांत नव्हते. वर्षाकाठी वर्गणी भरणाऱ्या, गावच्या मुलाला खोली देणाऱ्या, परक्या नगरात वारलेल्या आपल्या माणसाची शवपेटी सांभाळणाऱ्या अनामिक कारकुनांत ते होते. आपणही बदलीच्या गावी अशाच काही जागा उभ्या केल्या आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांच्या सहीने इतरांच्या जागा राहतात अथवा जातात. सही करण्यापूर्वी त्या गल्लीतून एकदा पायी जाऊन यावे. तिच्यात वास्तू किती आहेत हे नकाशा सांगेल. वस्ती किती आहे, हे गल्लीतच विचारावे लागते.